गाडी सुटणार हे माहिती असतं तरी…

प्रश्न (भुसावळहून एक वाचक) : नमस्कार दादा, वडील रेल्वेत होते त्यामुळे स्टेशन असलेली कुठलीच कादंबरी मी सोडत नाही. सध्या दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरची एक थ्रिलर वाचतेय. त्यात जर्मन लोक पोलंडचं एक स्टेशन ताब्यात घेतात आणि मग कळतं की युद्ध अजून सुरूच झालेलं नाही! लेखकाने फेकलंय का? आणि युद्ध होणार हे आपल्याला माहितीच असतं, मग सस्पेन्स कसला?

उत्तर : ताई, फेकलेलं नाही, खरंच झालंय असं. पोलंडवर हल्ला आधी 26 ऑगस्ट 1939 ला पहाटे ठरला होता, पण 25 ला ब्रिटनने पोलंडशी करार केला, तिकडे मुसोलिनीने आमची तयारी नाही म्हणून कळवलं, आणि हिटलरने संध्याकाळी सगळं थांबवलं. सैन्य तर निघालेलं! बहुतेकांना निरोप पोचला, याब्लुंकोव्ह खिंडीतल्या एका तुकडीला पोचलाच नाही. त्यांना रेल्वेचा बोगदा हवा होता, पोलिश लोकांनी सुरुंग लावून उडवायच्या आत, म्हणून त्यांनी ठरल्याप्रमाणे मोस्टीचं स्टेशन घेतलं आणि मग गुपचूप मागे फिरावं लागलं. 1 सप्टेंबरला खरा हल्ला झाला तेव्हा पोलिशांनी तो बोगदा उडवूनच टाकला. (ती जागा आता झेक हद्दीत आहे, नकाशात पोलंडमध्ये शोधत बसू नका, माझा अर्धा तास गेला.)

सस्पेन्सचं म्हणाल तर तुम्ही भुसावळच्या, तुम्हाला काय सांगायचं, गाडी किती वाजता सुटणार हे बोर्डावर लिहिलेलंच असतं, तरी पिशव्या घेऊन पुलाचा जिना उतरताना जीव खालीवर होतोच ना, कारण गाडी सुटेल का हा प्रश्नच नसतो, आपण डब्यात असू का हा असतो. चांगला लेखक तारीख लपवत नाही, उलट पानोपानी दाखवतो. आपल्याला 1 सप्टेंबर माहितीये, कादंबरीतल्या एखाद्या कारकुनाला नाही, तो बिचारा पुढच्या रविवारचं तिकीट काढतोय. मला तरी तोफांपेक्षा हेच जास्त लागतं.

प्रश्न (यावलहून) : अशीच कादंबरी मी भुसावळ जंक्शनवर लिहायला घेतलीय, ऑगस्ट 1939. हीरो ऑर्डनन्स फॅक्टरीत कामाला आहे. चालेल ना?

उत्तर : नाही चालणार भाऊ, भुसावळची ऑर्डनन्स फॅक्टरी 1949 ची! हीरोला लोको शेडमध्ये टाका, नाहीतर तारबाबू करा, निरोप आधी त्याच्याच हातात येईल. जिल्हा पूर्व खानदेश लिहा, रेल्वे जीआयपी, म्हणजे तेव्हाची ग्रेट इंडियन पेनिन्सुला. पोळा टाकणार असाल तर त्या वर्षीचं पंचांग बघून घ्या. आणि 3 सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगोने इथल्या कुठल्याच नेत्याला न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं, तो रविवार होता, माझ्या मते तुमचं शेवटचं प्रकरण तिथेच आहे. लिहून झालं की पाठवा, फक्त टाइप करून, तुमचं अक्षर लावता लावता माझं महायुद्ध होतं.