मासेमारीची फ्लाय (गळावर केस-पिसं बांधून केलेलं कृत्रिम आमिष) बांधताना हरणाचे केस गळाभोवती फिरत नाहीत, एकाच बाजूला गोळा होतात आणि दोराही तुटतो. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला पहिला संशय येतो तो लवीचा. हरणाच्या जाड केसांच्या बुडाशी बारीक, मऊ लव असते. ती चिमटीत राहिली की केस एकमेकांत गुंतून बसतात, फुलतच नाहीत. टोकांकडून घट्ट धरा आणि बुडखे बारीक दातांच्या कंगव्याने विंचरा, लव निघायची पूर्ण थांबेपर्यंत. बरेच जण इथे घाई करतात आणि मग दोष दोऱ्याला देतात.

केस कुठले आहेत तेही बघा. पोटाचे आणि ढुंगणाकडचे केस भरड, आत हवेने भरलेले असतात. आवळले की ते दाबाच्या जागी मुडपून चहूबाजूंनी उभे राहतात, आणि त्या हवेमुळेच फ्लाय तरंगते. चेहऱ्याचे, पायांचे केस या कामाचे नाहीत.

गळाचा दांडा उघडा ठेवा. खाली दोऱ्याचा थर असेल तर केस तिथेच अडकतात. पेन्सिलीएवढी जाड चिमूट तिरकी धरून दोन सैल वेढे घ्या. आता दोरा सरळ खाली हळूहळू ओढत जा आणि त्याच वेळी बोटांची पकड सोडत जा. केस दांड्याभोवती फिरताना डोळ्यांना दिसतात. हा क्षण मला अजूनही फार आवडतो! थांबू नका, ओढ तशीच ठेवून पुढचा वेढा केसांमधूनच घ्या. एवढा ताण साध्या बारीक दोऱ्याला झेपत नाही. जेलस्पन, म्हणजे पॉलिथिलीनचा फार मजबूत दोरा वापरा.

मग केस मागे दाबून घट्ट बसवा, दोरा पुढे आणा आणि लगतच दुसरी चिमूट लावा.

सुरुवात मडलर मिनो नावाच्या फ्लायच्या डोक्यापासून करा असं मी म्हणेन. डॉन गेपेन यांनी १९३० च्या दशकात कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या निपिगॉन नदीवर ही फ्लाय बनवली. डोक्याला एक-दोन चिमटी पुरतात, त्यामुळे हात लवकर बसतो.

कातरण्याआधी केसांना वाफ द्या, दबलेले केस उभे राहतात. आधी फ्लायच्या पोटाची बाजू ब्लेडने सपाट करा. तिथे केस राहिले तर गळाचं टोक आणि दांडा यांमधली फट बुजते आणि मासा तोंड लावूनही अडकत नाही.