ब्लड कॅन्सरच्या किमोमध्ये तोंड येणं आणि चव जाणं आधीपासून कसं टाळायचं?

तुम्ही लिहिलंय की मोठ्या भावाला ब्लड कॅन्सर निघालाय, दोन आठवड्यांनी किमो सुरू होणार आहे, आणि कुणीतरी सांगितलं की तोंड इतकं येतं की पाणी पण गिळवत नाही आणि चव तर जातेच, तर हे आधीच थांबवता येतं का. मी डॉक्टर नाहीये. मला मायलोमा होता, तो पण ब्लड कॅन्सरचाच प्रकार, आधी काही महिने इंजेक्शनं आणि स्टिरॉइड आणि मग स्वतःच्याच स्टेम सेलचं ट्रान्सप्लांट, असं सगळं झालंय, त्यामुळे तोंडाचे जवळजवळ सगळे प्रकार बघून झालेत. पूर्णपणे टळतं असं नाही सांगणार, पण खूप कमी करता येतं, आणि करायचंय त्यातलं बरंचसं तोंड दुखायच्या आधी करायचं असतं. लोक दुखायला लागल्यावर उपाय शोधतात, तिथेच चुकतं. तुमच्या हातात दोन आठवडे आहेत म्हणून मुद्दाम सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी दातांच्या डॉक्टरकडे जायचं, पण आधी ब्लड कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून, कारण प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी खूप कमी असतील तर दाताला हात लावणंच धोक्याचं असतं. किडलेली दाढ, हिरडीतला पू, हलणारा दात, गालाला घासणारी दाताची कड, सैल कवळी, हे सगळं आत्ता बघून घ्यायचं. दात काढायचा असेल तर जखम भरायला साधारण १० ते १४ दिवस मिळायला पाहिजेत, म्हणून उद्याच फोन करा. अ‍ॅक्युट ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा ब्लड कॅन्सर, असेल तर कधीकधी एवढा वेळ मिळत नाही, ट्रीटमेंट लगेच सुरू करावी लागते, तेव्हा दातांसाठी थांबायचं नाही, डॉक्टर सांगतील तेवढंच करायचं.

आणि भावाला मायलोमा असेल तर अजून एक. हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब देतात, ते सुरू झाल्यावर दात काढला तर काही जणांची जखम भरतच नाही आणि जबड्याचं हाड उघडं पडतं. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, हाडांचं इंजेक्शन सुरू होऊन तीन महिने झाले आणि मग मागची दाढ ठणकायला लागली, काढता येईना, शेवटी इंजेक्शन थांबवून रूट कॅनाल करून ती तशीच वाचवावी लागली आणि ते दोन महिने मी खूप घाबरून काढले. एका तपासणीत हे सगळं टळलं असतं, म्हणून इतकी मागे लागतेय.

आता तोंड का येतं ते थोडक्यात, म्हणजे पुढचं पटेल. तोंडाच्या आतली त्वचा एक-दोन आठवड्यांत सतत नवी होत असते आणि किमो अशा भराभर वाढणाऱ्या पेशींनाच मारते. जुनी कातडी झिजते आणि नवी येत नाही, मग लाल होतं, हुळहुळतं, मग जखमा. त्यात पांढऱ्या पेशी कमी, म्हणजे त्या जखमेतून जंतू थेट रक्तात जाऊ शकतात. त्यामुळे तोंड येणं हा नुसता दुखण्याचा प्रश्न नाहीये. साधारण किमोनंतर ५ ते १० दिवसांत सुरू होतं आणि रक्तातल्या पेशींचे आकडे (काउंट) वर यायला लागले की भरत जातं. फसवणारी गोष्ट अशी की पहिले चार दिवस तोंड एकदम छान असतं, आणि माणूस म्हणतो मला तर काहीच झालं नाही, मग गुळण्या करायचा कंटाळा करतो. त्याच चार दिवसांत भावाच्या मागे लागा.

गुळण्या कशाच्या, तर साध्या. एक कप कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ. बेकिंग पावडर नाही, खायचा सोडा. हळूच तोंडात फिरवायचं, थुंकायचं, मग साध्या पाण्याने चूळ भरायची. काही खाल्लं की आणि झोपताना, म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा तरी होतं, आणि जखमा झाल्याच तर जागे असेपर्यंत दर दोन तासांनी. पाणी रोज ताजं करायचं. ही काही जादू नाही, या गुळण्यांनी जखमा होतच नाहीत असं पण नाही, पण तोंड ओलं आणि स्वच्छ राहतं आणि अडकलेलं अन्न निघून जातं, आणि आलेल्या तोंडात तेवढ्याने पण खूप फरक पडतो. दुकानातले झोंबणारे अल्कोहोलवाले माऊथवॉश अजिबात नकोत. क्लोरहेक्सिडिन पण स्वतःच्या मनाने आणू नका, डॉक्टरांनी दिलं तर ठीक, कारण त्याने दातांवर डाग पडतात आणि चव अजून बिघडते, म्हणजे ज्याच्यासाठी आणलं तेच वाढायचं.

ब्रश एकदम मऊ, तो पण आधी कोमट पाण्यात बुडवून घ्यायचा म्हणजे अजून मऊ होतो. तोंड आलंय म्हणून दात घासणं सोडायचं नाही, हळू घासायचं पण घासायचं. फार रक्त यायला लागलं तर नर्सला विचारा, त्या कधी स्पंजची काडी देतात. ओठांना साधं मलम, कवळी असेल तर रात्री काढून ठेवायची आणि जखमा असतील तेव्हा फक्त जेवताना लावायची.

आता बर्फ. याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण स्वस्त आहे, साधा आहे आणि योग्य औषधासोबत खरंच काम करतो. ट्रान्सप्लांटच्या आधी मेल्फालान नावाची किमो मोठ्या डोसने देतात, त्याने तोंड फार वाईट येतं. पण हे औषध थोड्या वेळात चढवतात आणि शरीरातून भराभर कमी होतं. तेवढा वेळ तोंड गार ठेवलं तर आतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तोंडाच्या कातडीपर्यंत औषध कमी पोचतं. तोंडाच्या काळजीच्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये पण मेल्फालानसाठी हे आहे. मी औषध सुरू व्हायच्या पाच-दहा मिनिटं आधी पहिला तुकडा तोंडात ठेवला, अर्धा तास औषध चाललं तेव्हा एकामागून एक, आणि संपल्यावर पण बराच वेळ. ऐकायला सोपं वाटतं. पंधराव्या मिनिटाला समोरच्या दातांत कळ यायला लागली, गाल बधिर, ओठातून पाणी गळतंय आणि कळत पण नाहीये, मला रडू यायला लागलं. नर्स कप भरत होती, ती म्हणाली, "थुंकू नका, फक्त जिभेखालून गालात सरकवा, मग परत दुसरीकडे." तेवढंच करत राहिले. नुसता समोर ठेवून चालत नाही, गाल, जिभेखाली, टाळू, सगळीकडे फिरवायचा. त्यानंतर मला उजव्या गालात आतून एक जखम झाली आणि जीभ हुळहुळली, पण पातळ खाणं एक दिवस पण बंद झालं नाही.

पण बर्फ सगळ्यांना नसतो. ल्युकेमियात सायटाराबिन नावाची किमो कितीतरी दिवस सलग चालू असतं, मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट तासन् तास चालतं, तिथे अर्धा तास बर्फ चघळून उपयोग नाही. म्हणून नुसतं "बर्फ देऊ का" असं विचारू नका, औषधाचं नाव घेऊन विचारा. आणि बर्फ उकळलेल्या किंवा हॉस्पिटलने दिलेल्या पाण्याचाच.

मेथोट्रेक्सेट असेल तर त्यानंतर फोलिनिक अ‍ॅसिड देतात, ते घड्याळ लावून वेळेवरच घ्यायचं, तोंडाच्या पेशी वाचवायचं काम पण तेच करतं. आणि त्या दिवसांत न विचारता दुखण्याची गोळी किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी पण घ्यायची नाही, काही गोळ्यांनी मेथोट्रेक्सेट शरीरात जास्त वेळ राहतं. काही सेंटरमध्ये तोंडात कमी ताकदीचा लेसर देतात, त्याचा ट्रान्सप्लांटच्या पेशंटना चांगला उपयोग होतो, तुमच्याकडे आहे का विचारून ठेवा.

चवीचं वेगळं लिहिते कारण लोक दोन्ही एकच समजतात. तोंडात एक पण जखम नसताना चव जाऊ शकते. जिभेवरच्या चवीच्या पेशी पण दर दहा-पंधरा दिवसांनी नव्या होतात, किमोत ते बिघडतं. काही औषधं रक्तातून आली तरी तोंडात धातूसारखी लागतात. लाळ कमी झाली तर अन्न विरघळतच नाही, मग चव कुठून येणार. आणि एक कारण असं आहे जे औषधाने बरं होतं आणि तेच लोक अंगावर काढतात, ते म्हणजे बुरशी.

माझंच सांगते. स्टिरॉइड चालू असताना तोंडात कापूस कोंबल्यासारखं वाटायचं, काहीही खाल्लं तरी ओल्या पुठ्ठ्यासारखं लागायचं. मला वाटलं कॅन्सर आहे, एवढं तर होणारच, कशाला डॉक्टरांना त्रास द्यायचा, असं म्हणून नऊ दिवस गप्प बसले. मग मुलीने मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं तर गालात आतून दह्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके, पुसले की खाली लाल. बुरशीचं औषध सुरू केलं आणि आठवड्याभरात निम्मी चव परत आली. ते नऊ दिवस मी उगाच उपाशी काढले. म्हणून रोज एकदा टॉर्च मारून जीभ, गाल, टाळू बघा, भाऊ नको म्हणाले तरी. हर्पिस नावाच्या व्हायरसच्या जखमा पण याच काळात उलटतात, त्यासाठी असायक्लोव्हिरच्या गोळ्या देतात, त्या चुकवायच्या नाहीत.

खाण्याचं. जेवायच्या आधी एक चूळ भरायची, त्याने तोंडातला कडूपणा थोडा वेळ तरी जातो. धातूची चव येत असेल तर स्टीलचा चमचा बाजूला ठेवून प्लास्टिकचा किंवा लाकडी घ्या. गरम वाफेचा वास नको होतो, त्यापेक्षा गार किंवा कोमट खाणं जातं. जखमा नसतील तर थोडं आंबट चालतं, लाळ सुटते, पण जखम असेल तर आंबट, तिखट, कडक, कुरकुरीत सगळं बंद.

आणि आवडीचा पदार्थ किमोच्या दिवशी देऊ नका. आपण प्रेमाने नेमकं तेच करतो. मळमळीच्या वेळी जे खाल्लं ते मेंदू मळमळीशी जोडून टाकतो. १९७८ साली एका अभ्यासात लहान मुलांना किमोच्या आधी वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं होतं, नंतर पुन्हा विचारलं तर ज्यांना किमो झाली होती त्यातल्या बऱ्याच मुलांनी ते नको म्हटलं. भावाच्या आवडीचं जे असेल ते बरं वाटेल त्या दिवसासाठी राखून ठेवा.

छोट्या गोष्टी: सेंट्रल लाइनमध्ये, म्हणजे औषधं द्यायला मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीत, सलाईनची सिरिंज मारली की घशात एकदम घाणेरडी चव येते, तेव्हा तोंडात एक चघळायची गोड गोळी ठेवायची. स्टेम सेल परत चढवतात त्या दिवशी पेशी गोठवून ठेवायच्या द्रवामुळे लसणासारखी चव आणि वास येतो, तो एक-दोन दिवसांत जातो, घाबरू नका. झिंकच्या गोळ्या खूप लोक सुचवतात, पण किमोच्या चवीवर त्यांचा खात्रीचा फायदा दिसलेला नाही, विचारल्याशिवाय नको. मायलोमात टॅल्क्वेटामॅब नावाचं नवीन औषध देणार असतील तर चव जायचं प्रमाण खूप जास्त असतं, वजन दर आठवड्याला लिहून ठेवा आणि दाखवा, डॉक्टर डोसमधलं अंतर वाढवू शकतात.

डॉक्टरांना नुसतं "तोंड दुखतंय" सांगू नका. घन खाता येतंय का, फक्त पातळ जातंय का, की पाणी पण नाही, असं सांगा, तोंड किती आलंय त्याची ग्रेड ते यावरूनच ठरवतात आणि दुखण्याचं औषध पण त्यावर ठरतं. बधिर करायची जेल असते, ती लावून गरम खायचं नाही कारण भाजलं तरी कळत नाही. जेलने भागलं नाही तर मॉर्फिनपर्यंत औषधं आहेत, सहन करत बसायची काहीच गरज नाही. आणि ताप ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट झाला, पाणी पिणं बंद झालं किंवा तोंडातून रक्त थांबेना तर रात्र असली तरी लगेच फोन.

चव कधी येते हे तुम्ही शेवटी विचारलंय. बहुतेकांची ट्रीटमेंट संपल्यावर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत येते, ट्रान्सप्लांटनंतर जरा जास्त वेळ लागतो. माझी एकदम नाही आली. कित्येक दिवस पाणी नाणं चोखल्यासारखं लागायचं, ते आधी गेलं, मग आंबट कळायला लागलं, मग गोड, आणि खारट सगळ्यात शेवटी. तोवर भावाला स्वतःच्या ताटात मीठ स्वतः घालू देऊ नका, दुसऱ्याने चाखून घाला, कारण चव कळत नसली की हात सैल पडतो आणि भरत आलेल्या जखमेला तेच मीठ परत झोंबतं.