डिसेंबरात पुण्याहून अंदमानला जातोय. तिथल्या हॅवलॉक बेटावर सूर्योदय-सूर्यास्ताचे फोटो कुठून काढावेत?

सूर्यास्त राधानगरहून, सूर्योदय कालापत्थरहून. पहिला किनारा पश्चिमेकडे उघडतो, दुसरा पूर्वेकडे. बहुतेकांची चूक होते ती वेळेत. अंदमान पुण्याच्या सुमारे १९ अंश पूर्वेला, पण घड्याळ एकच, त्यामुळे डिसेंबरात सूर्य ५च्या आसपास बुडतो. साडेचारला ट्रायपॉड लावून तयार राहा, सकाळी सव्वापाचला किनारा गाठा. लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर दुपारच्या निळ्या पाण्यासाठी ठेवा (पाण्यावरची झगमग कापतो). संध्याकाळी तो लेन्सवरून काढूनच ठेवा, उगाच प्रकाश खातो. नील बेटावरही जाणार असाल तर तिथली खडकाची नैसर्गिक कमान ओहोटीलाच गाठता येते, म्हणून भरती-ओहोटीची वेळ आधी बघा. शेवाळलेल्या खडकांवर गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. ढग असतील तर मात्र हे सगळं वेळापत्रक गुंडाळून ठेवायचं.