रोजच्या बातम्यांना संथ पत्रकारिता हा पर्याय होऊ शकतो का?

दिवसभर मोबाईलवर बातम्या आदळून जीव उबगतो, मग 'स्लो जर्नलिझम', म्हणजे घाई न करता एकाच विषयाचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारी संथ पत्रकारिता, हा पर्याय आहे का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते तो निम्माच पर्याय आहे, पण त्या निम्म्याची आपल्याकडे फार वाण आहे.

चक्रीवादळ येतंय, घाटात दरड कोसळलीय, हे मला तात्काळ कळायलाच हवं. काही बातम्या मात्र घटना घडून गेल्यावर सुरू होतात. आमच्या गोव्यातल्या खाणींचंच बघा. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि 16 मार्चपासून खाणी थांबल्या. पहिली पानं भरली, मग मोर्चे, आश्वासनं, पुन्हा मोर्चे. मी खाणींच्याच डिचोली तालुक्यातला. कर्जावर घेतलेल्या ट्रकांचं पुढं काय झालं, खनिज वाहून नेणाऱ्या बार्जवरची माणसं कुठं गेली, ज्या शेतांत खाणीचा गाळ उतरला तिथं भात परत पिकलं का, आटलेल्या विहिरींना पाणी आलं का, हे मला वाचायचं होतं. मोर्च्याच्या बातमीत ते मावत नाही. त्यासाठी दोन-तीन पावसाळे जावे लागतात आणि बातमीदाराला त्याच वाड्यावर पुन्हा पुन्हा जावं लागतं. ट्रकमालकाशी बोलावं लागतं आणि शेत गेलेल्याशीही. कित्येकदा ते दोघे एकाच घरातले सख्खे भाऊ असतात! 'खाण अवलंबित' या दोन शब्दांत ते घर कधीच दिसत नाही.

अर्थात याला पैसा लागतो. ज्या तालुका वार्ताहराला छापून आलेल्या बातमीमागे मानधन मिळतं, त्यानं एकाच विषयावर महिना घालवावा कसा? दोष त्याचा नाही.

तरी हे काम होतंय. लंडनचं 'डिलेड ग्रॅटिफिकेशन' हे त्रैमासिक 2011 पासून सरलेल्या तीन महिन्यांतल्या घटनांकडे नव्यानं बघतं. अमेरिकन पत्रकार पॉल सालोपेक वाटेतल्या माणसांच्या गोष्टी लिहीत 2013 मध्ये इथिओपियातून पायी निघाले आणि चालत चालत भारतातूनही गेले. पत्रकार पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेलं 'पारी' हे ग्रामीण भारतावरचं संकेतस्थळ तर मराठीतही आहे, आणि मोफत. तुम्ही तिथूनच सुरुवात करा. मोबाईलवरच्या सूचना बंद करून सकाळी एक वर्तमानपत्र नीट वाचलंत, तर अशा लेखांसाठी वेळ नक्की उरेल.