घोड्यांच्या ब्रीडिंग फार्मवर इंटर्नशिप करावी का? विद्यार्थ्याला तिथे नेमकं काय शिकायला मिळतं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही इंदूरच्या आहात, महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला, उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन आठवडे एखाद्या स्टड फार्मवर जायचा विचार आहे, आणि घरचे म्हणतायत, "लीद काढायला एवढं शिकवलं का?" मीही महूच्याच महाविद्यालयातली, माहेर इंदूरच्या रामबागेतलं. हेच वाक्य मीही ऐकलं होतं.

जा, जरूर जा. पण दोन आठवड्यांसाठी नको, आणि मे-जूनमध्ये तर नकोच.

मी पहिल्यांदा गेले ती मे महिन्यातच. फार्मचं नाव सांगत नाही. दीड महिना लीद काढली, पाण्याच्या बादल्या घासल्या, आणि एकही घोडी विताना पाहिली नाही, कारण हंगाम उलटून गेला होता. मला बोलावणाऱ्यांना ते ठाऊक होतं, त्यांनी सांगितलं नाही. त्याचा राग आजही आहे.

घोडी साधारण अकरा महिने गाभण असते, ३३० ते ३४५ दिवस. दिवस मोठा होऊ लागला की ती माजावर येते आणि मग दर २१ दिवसांनी येत राहते. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचं वय १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे शिंगरू वर्षाच्या सुरुवातीला व्हावं अशी सगळ्यांची धडपड असते. म्हणून खरी गर्दी जानेवारी ते एप्रिल. त्यात व्यायल्यावर आठ-दहा दिवसांत घोडी पुन्हा माजावर येते, म्हणजे एकाच आठवड्यात इकडे प्रसूती, तिकडे घोडा दाखवणं, पलीकडे सोनोग्राफी, असं सगळं एकदम चालू असतं. आपण महूला गाई-म्हशींचं कृत्रिम रेतन शिकतो. थरोब्रेडमध्ये ते चालतच नाही, नैसर्गिक संयोगच लागतो. आणि फळल्यापासून चौदाव्या-पंधराव्या दिवशी सोनोग्राफी का करतात हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. जुळं असेल तर दोन्ही गर्भ गर्भाशयात अजून हिंडत असतात, तेवढ्यात एक चिमटून फोडता येतो. घोडीला जुळं सहसा पेलवत नाही. ठेवलं तर बहुधा दोन्ही जातात.

दुसऱ्यांदा मी फेब्रुवारीत गेले, पुण्याकडच्या एका स्टडवर, तेही सहा आठवडे. तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगितलं की मला रात्रपाळी द्या. घोड्या बहुतेक रात्रीच वितात. दिवसा येऊन जाणाऱ्या विद्यार्थ्याला सकाळी फक्त वाळलेलं शिंगरू दिसतं.

माझ्यासोबत पाळीला एक म्हातारे सईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, असत (माझे आजोबा या लोकांना मोतद्दार म्हणायचे, मला तोच शब्द जास्त आवडतो). एका घोडीच्या सडांवर आदल्या दिवशी मेणासारखे थेंब धरले होते. रात्री दोनच्या सुमारास तिच्या कोपराशी घाम फुटला, ती पोटाकडे वळून बघू लागली, बसली, उठली, पुन्हा बसली. मला वाटलं पोटशूळ. सईस म्हणाले, "पांढरं दिसलं तर हात बांधून उभं ऱ्हायचं. लाल दिसलं तर इचारायचं न्हाई, कात्री लावायची." पुस्तकात ज्याच्यावर पानभर मजकूर आहे ते या दोन वाक्यांत आलं. आधी पांढरी पातळ पिशवी दिसली तर सगळं ठीक; लाल मखमली पिशवी आधी बाहेर आली तर वार वेळेआधी सुटलेली असते आणि शिंगराचा प्राणवायू तुटतो.

त्या रात्री पांढरं दिसलं. दोन पुढचे पाय, एक जरासा पुढे, तळवे खाली, त्यावर टेकलेलं नाक. वीस मिनिटांत शिंगरू पेंढ्यावर. त्याच्या खुरांना मऊ पिवळसर झालर होती, ओल्या रबरासारखी. पोटात आईला खूर लागू नयेत म्हणून ती असते आणि चालायला लागलं की झिजून जाते. मी बोट लावून पाहिलं. तासाभरात उभं राहायला हवं, दोन तासांत दूध प्यायला हवं, तीन तासांत वार पडायला हवी. आमचं पन्नासाव्या मिनिटाला उभं राहिलं, त्याआधी तीनदा पडलं, मग भिंत चोखली, गव्हाण चोखली, शेवटी कास सापडली. पहिला चीक पोटात जाणं फार महत्त्वाचं, कारण घोडीच्या वारेतून पिल्लाला रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत, जे मिळतं ते चिकातूनच. नंतर आम्ही वार जमिनीवर पसरून टोकापर्यंत तपासली. तुकडा आत राहिला तर घोडीला ताप येतो, पाय धरतात, जीवही जातो.

आता लिदीबद्दल. ती काढा, आणि नीट बघून काढा. लीद कमी झाली, कोरडी झाली, दाणा उरला, हे सगळ्यांत आधी झाडू मारणाऱ्याला कळतं. खरारा करताना पायावरून हात फिरवलात की कुठे गरम लागतंय ते समजतं. सकाळी ठोके, श्वास आणि ताप घेऊन वहीत लिहायची सवय लावा: मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप साधारण ९९ ते १०१ फॅरनहाइट. पन्नास निरोगी घोडे मोजले की एकावन्नावा आजारी हाताला लागतो.

घरच्यांची खरी काळजी दुखापतीची असावी, आणि ती रास्त आहे. धनुर्वाताची लस घेऊन जा. घोड्याकडे डाव्या खांद्याच्या बाजूने, बोलत जा. दोरी हाताला कधीच गुंडाळू नका. वळू घोड्याला विद्यार्थ्याने एकट्याने हात लावायचा नाही, कुणी "काही होत नाही" म्हटलं तरी. नाक वाहणाऱ्या जनावराजवळ हातमोजे घाला; ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो.

जायच्या आधी इंदुरातच बारातीच्या घोड्यांवाल्या एखाद्या तबेल्यात विचारून चार-आठ दिवस खरारा करा, म्हणजे तिथे पहिल्या दिवशी अंग चोरून उभं राहणार नाही. सुट्टी उन्हाळ्यातच असेल तर हे अंतिम वर्षानंतरच्या सक्तीच्या इंटर्नशिपसाठी राखून ठेवा. तेव्हा महाविद्यालयाची परवानगी घेऊन जानेवारीतच जाता येईल का ते विचारा. फार्मला पत्र ऑक्टोबरमध्ये लिहा, आणि मानधनाच्या आधी तीन गोष्टी विचारा: त्या काळात किती घोड्या व्यायच्या आहेत, मला रात्रपाळी मिळेल का, आणि मुलींच्या राहण्याची सोय फार्मच्या आत आहे की बाहेर. मी हे तिन्ही विचारले होते. दोन ठिकाणांहून उत्तरच आलं नाही, तिसऱ्याने बोलावलं.