अ‍ॅड-ऑनच्या इन्स्टॉलेशनच्या सूचना तयार करणारं टूल कसं रचावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजची मीडियाविकी (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) आणि चार-दोन वर्डप्रेस साइट तुम्ही सांभाळता. प्रत्येक एक्स्टेन्शनच्या (मूळ सॉफ्टवेअरला जोडायच्या जादा भागाच्या, म्हणजेच अ‍ॅड-ऑनच्या) सूचना हाताने लिहून कंटाळा आलाय, म्हणून एका फॉर्ममध्ये माहिती भरली की सूचना आपोआप तयार होतील असं टूल करायचंय. फॉर्ममध्ये काय काय विचारावं?

मी कोल्हापुरात टॅलीची अ‍ॅड-ऑन लिहून देतो आणि जोडीला वर्डप्रेसची कामं करतो. माझं मत सरळ सांगतो: जे अ‍ॅड-ऑनच्या स्वतःच्या फाइलमध्ये लिहिलेलं आहे ते फॉर्ममध्ये अजिबात विचारू नका. त्या फाइलला माहीत असणं शक्यच नाही, तेवढंच विचारा.

मीडियाविकीत 2015 च्या 1.25 आवृत्तीपासून एक्स्टेन्शनसोबत 'एक्स्टेन्शन डॉट जेसन' ही फाइल देण्याची सोय झाली. नाव, किमान कोणती मीडियाविकी हवी, आधी दुसरं कोणतं एक्स्टेन्शन हवं, हे सगळं तिथे असतं. डेटाबेसमध्ये टेबलं तयार करावी लागणार का, याचाही अंदाज तिथेच येतो: हुकांच्या, म्हणजे एक्स्टेन्शन मीडियाविकीच्या कामात जिथे जोडलं जातं त्या जागांच्या यादीत 'लोड एक्स्टेन्शन स्कीमा अपडेट्स' दिसलं की अपडेट स्क्रिप्ट चालवण्याची पायरी घालायची, नाहीतर नाही. कंपोझर या पीएचपीच्या टूलमधून आणायच्या लायब्रऱ्या लागत असतील तर तीही खूण बहुतेक वेळा तिथे सापडते. वर्डप्रेसमध्ये हेच काम प्लगिनच्या मुख्य फाइलच्या डोक्यावरची कॉमेंट करते. किमान वर्डप्रेस आणि किमान पीएचपी तिथे असतं, आणि 2024 च्या 6.5 पासून 'आधी हे प्लगिन हवं' हेही लिहिता येतं. ही माहिती सॉफ्टवेअर स्वतः वाचतं आणि अट जुळली नाही तर अ‍ॅड-ऑन सुरूच करत नाही. त्यामुळे ती चुकली की बोंब लगेच लेखकाकडे जाते आणि तो ती दुरुस्त करतो. तुमच्या फॉर्ममध्ये कुणीतरी दोन वर्षांपूर्वी भरलेला आकडा दुरुस्त करायला कोण येणार?

मग फॉर्ममध्ये उरतं काय? वाचणाऱ्याच्या मशीनवर कोणती आवृत्ती आहे, त्याच्याकडे कमांड लाइन आहे की फक्त सीपॅनेल (ब्राउझरमधून होस्टिंग सांभाळायची सोय), आणि तो नव्याने टाकतोय की जुन्यावर नवं. बस. कमांड लाइनचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर ती बऱ्याचदा नसते. असली तर मीडियाविकी 1.40 पासून पुढे 'रन डॉट पीएचपी' मार्फत अपडेट चालवायचा, त्याआधीच्यात 'अपडेट डॉट पीएचपी' थेट. नसली तर ब्राउझरमधून इन्स्टॉलरचं पान उघडून अपग्रेड की टाकायची. ही की 'लोकलसेटिंग्ज' या मीडियाविकीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये असते.

आणि उत्तर मिळालं की बाकीचे रस्ते पानावरून काढूनच टाका. 'जर तुमच्याकडे हे असेल तर, नसेल तर' असं छापायचं असेल तर टूल कशाला? टॅलीचंच उदाहरण घ्या. मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीवरचे दिवाणजी सौदे सुरू व्हायच्या आधी घाईघाईत तुमचं पान उघडणार. टॅलीच्या जुन्या ईआरपी 9 मध्ये एफ12 मधून 'प्रॉडक्ट अँड फीचर्स'मध्ये जाऊन एफ4 दाबायचं असतं, नव्या प्राइममध्ये एफ1 मधून 'टीडीएल अँड अ‍ॅड-ऑन' आणि मग एफ4. दोन्ही एकाखाली एक छापलंत तर ते पहिलंच वाचणार आणि एफ12 दाबून भलत्याच ठिकाणी पोचणार. त्यांना 'तुमची आवृत्ती कोणती' असंही विचारू नका, 'टॅली' एवढंच उत्तर येतं. 'वरच्या पट्टीत गो टू दिसतंय का?' असं विचारा. दिसत असेल तर प्राइम.

फाइल कुठे ठेवायची ही पायरी सगळे गाळतात, आणि निम्मे फोन तिच्यामुळेच येतात. टीसीपी, म्हणजे टॅलीच्या अ‍ॅड-ऑनची तयार फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून जाते, डाउनलोड्समध्ये पडते, तिथलाच पाथ टॅलीत दिला जातो आणि चालतंही. पुढे दिवाळीच्या आधी कुणीतरी कॉम्प्युटर 'साफ' करतं आणि बिलाचा फॉरमॅट गायब! म्हणून पहिली पायरी कायम 'फाइल या फोल्डरमध्ये हलवा' हीच ठेवा. मीडियाविकीचंही दुखणं याच जातीचं आहे. गिटहबवरून झिप घेतलं की फोल्डरच्या नावाला शाखेचं (ब्रँचचं) नाव चिकटून येतं, ते काढल्याशिवाय एक्स्टेन्शन सापडत नाही. लिनक्स सर्व्हरवर लहान-मोठं अक्षर बदललं तरी तेच.

प्रत्येक पायरीखाली 'आता स्क्रीनवर हे दिसलं पाहिजे' अशी एक ओळ हवी. मीडियाविकीत शेवटी 'विशेष:आवृत्ती' या पानावर एक्स्टेन्शनचं नाव आलं पाहिजे, टॅलीत त्याच टीडीएलच्या (टॅलीच्या अ‍ॅड-ऑन फाइलींच्या) यादीत फाइलसमोर 'अ‍ॅक्टिव्ह' आलं पाहिजे. ही ओळ नसली की माणूस तिसऱ्या पायरीला चुकतो आणि सातव्या पायरीला फोन करतो.

सूचना मराठीतून द्यायच्या असतील तर साच्याची वाक्यं तोडून जोडू नका. एक्स्टेन्शन सुरू झालं, थीम सुरू झाली, पॅच सुरू झाला. रिकाम्या जागेत नाव कोंबलं की क्रियापद उघडं पडतं. प्रत्येक प्रकारासाठी पूर्ण वाक्य वेगळं लिहून ठेवा. पाथ आणि कमांड स्वतंत्र ओळीवर द्या, नाहीतर माणूस कॉपी करताना 'मध्ये'सकट कॉपी करतो. हे मी गमतीने सांगत नाही, असे स्क्रीनशॉट येतात.

एआयकडून सूचना लिहून घ्या असं कुणीतरी सुचवेलच. वाक्यं नीट करायला घ्या की, हरकत नाही. पण पायऱ्या आणि त्यांचा क्रम नियमांवरूनच निघाला पाहिजे, कारण एकाच आवृत्तीला आज एक आणि उद्या दुसरी सूचना आली तर नेमकं काय बिघडलं ते तुम्हालाही शोधता येणार नाही.

काढून टाकायच्या सूचनाही त्याच माहितीवरून तयार होतात, त्या आत्ताच करून घ्या. फक्त पायऱ्या उलट्या छापून भागत नाही. मीडियाविकीत 'लोकलसेटिंग्ज'मधली एक्स्टेन्शन सुरू करणारी ओळ काढली तरी डेटाबेसमधली टेबलं तशीच राहतात. वर्डप्रेसमध्ये 'डीअ‍ॅक्टिव्हेट' केलं की प्लगिन नुसतं थांबतं, आणि 'डिलीट' केल्यावर त्याचा डेटा जाईल की राहील हे लेखकाने काय लिहून ठेवलंय त्यावर ठरतं. तेव्हा त्या पानावर पहिली ओळ बॅकअपची घाला.