नवा पीसी, पण एफपीएस गेले कुठे?

प्रश्न: दादा, नवीन पीसी जोडून घेतलाय. रायझेन 5 7600 प्रोसेसर (सीपीयू), आरटीएक्स 4060 ग्राफिक्स कार्ड, डीडीआर5 रॅमच्या दोन स्टिक, 650 वॅटचा पॉवर सप्लाय आणि 144 हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर. एवढं सगळं असून मोठा गेम लावला की 20-25 एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम), सेटिंग लो केली तरी जेमतेम 30. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू 0 (जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप) सतत 100 टक्के दिसतो. विंडोज परत टाकून झालं, ड्रायव्हर पण झाले. मित्र म्हणतो पॉवर सप्लाय कमी पडतोय, मोठा घे. घेऊ का?

उत्तर: अजिबात घेऊ नकोस. 4060 ला लागतातच 115 वॅटच्या आसपास, 650 मध्ये ती आरामात चालते. आणि पॉवर सप्लाय खरंच कमी पडला ना, तर पीसी बहुतेक वेळा गेममध्येच धाडकन बंद पडतो नाहीतर रिस्टार्ट होतो, असा गुपचूप हळू चालत बसत नाही.

तू जीपीयू 0 चे 100 टक्के बघितलेस पण तो जीपीयू नेमका कोणता ते बघितलं नाहीस. त्याच्यावर क्लिक कर आणि उजवीकडे वर नाव वाच. बहुतेक तिथे आरटीएक्स नसून एएमडी रेडिऑन ग्राफिक्स असणार, आणि खाली जीपीयू 1 म्हणून तुझं 4060 एक-दोन टक्क्यांवर आरामात बसलेलं दिसेल. घोडं इथेच पेंड खातंय. 7600 च्या आतच एक छोटा जीपीयू असतो, डेस्कटॉप आणि व्हिडिओपुरता ठीक, पण गेम त्याच्या गळ्यात पडला की हेच होणार, आणि विंडोज दहा वेळा टाकलं तरी फरक पडणार नाही.

आता कॅबिनेटच्या मागे बघ. वर यूएसबीच्या शेजारी जे एचडीएमआय आहे ते मदरबोर्डचं, तुझी मॉनिटरची केबल बहुधा तिथेच लागलीय आणि म्हणून गेम त्या छोट्या जीपीयूवर चालतोय. त्याच्या खाली, आडव्या पट्टीत तीन-चार पोर्ट ओळीने दिसतील (कधीकधी त्यांच्यावर रबरी टोप्या असतात, म्हणून लक्षातच येत नाहीत), ते कार्डचे. मॉनिटरची केबल तिथे लाव, शक्यतो डिस्प्ले पोर्टची, आणि रिस्टार्ट कर. तरी डिस्प्ले आला नाही तर कार्डला पॉवरची केबल नीट खटकन बसलीय का ते बघ.

मग विंडोजच्या अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट 144 कर, कारण तो बरेचदा 60 वरच राहतो आणि लोक उगाच कार्डाला शिव्या घालत बसतात. रॅमचं पण बघ, डब्यावर 6000 लिहिलं असलं तरी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालू करेपर्यंत ती साधारण 4800 लाच चालते. एक्स्पो लावल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो (याला रॅमचं ट्रेनिंग म्हणतात), घाबरून पॉवरचं बटण दाबू नकोस.

एवढं झाल्यावर गेममध्ये 4060 चा वापर 95 टक्क्यांच्या वर दिसला तर कार्ड पूर्ण ताकदीने चालतंय. 50-60 टक्क्यांवरच अडकला आणि एफपीएस पण कमी, तर मग सीपीयूकडे नाहीतर एखाद्या एफपीएस लिमिटकडे बघ, एफपीएस बरोब्बर 60 ला चिकटले असतील तर बहुधा व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या रिफ्रेश रेटला बांधून ठेवणारं सेटिंग).

प्रश्न: माझे एफपीएस 80-90 दिसतात तरी गेम मधेच अडखळतो, असं का?

उत्तर: 80-90 ही सरासरी झाली, अडखळणं दिसतं ते 1 टक्का लो मध्ये (सगळ्यात हळू 1 टक्का फ्रेमचा एफपीएस), तो आकडा लावून बघा. नवीन गेम पहिल्यांदा लावल्यावर शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारे गेमचे छोटे प्रोग्राम) तयार होताना थोडं अडखळणारच, अर्धा तास खेळून परत बघा. तरीही थांबलं नाही तर रॅमची एकच स्टिक आहे का बघा, आणि दोन असतील तर चार स्लॉटच्या बोर्डवर त्या सीपीयूकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत ना तेही. पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये शेजारी-शेजारी लावल्या असतील तर ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकदम वापरणं) लागतच नाही.